अर्धा आकडा जुना, अर्धा नवा

एका परिचारिकेचं पत्र आठ महिने माझ्या टेबलावर पडून होतं. ‘सलाईनच्या पंपाने तासाभराचं औषध मिनिटात सोडलं. रोगी वाचला, पण चौकशीत माझा हात चुकला असं ठरलं. या वर्षी निवृत्त होतेय, शेरा तसाच आहे. प्रोग्राम तुमचा होता. मी चुकले होते का, एवढंच सांगा.’

मी आमच्या जुन्या साहेबांना फोन केला होता. ते हसले. “अहो, बायकांना बटणं कळत नाहीत. हजार चाचण्या झाल्यात!”

साहेबांनी जन्मात प्रोग्रामची एक ओळ लिहिली नाही. सही मात्र मोठी वळणदार. असल्या माणसाचं ऐकून मी गप्प बसलो, म्हणजे मी त्याच्याहून दळभद्री.

शेवटी सुनेला सांगितलं. ती याच धंद्यातली. तिने लॅपटॉपवर पंपातल्या त्या जुन्या चिपची हुबेहूब नक्कल उभी केली आणि तीत माझा प्रोग्राम घातला.

“बाबा, हिला थांब म्हटलं की घड्याळासकट थांबते. तुम्ही दोष कसा शोधायचात?”

“मधे आकडे छापायचो. त्यात वेळ जायचा, ताल बदलायचा...”

“आणि दोष गायब! पाहुण्यांसमोर शहाणं होणारं कार्टं.”

तिने प्रत्येक पायरीनंतर चिप थांबवून थेंब मोजणाऱ्या टायमरचा ठोका मुद्दाम मधे घुसवला. चाळीस वेळा काही नाही. एक्केचाळिसाव्या वेळी पंप उधळला.

सोडलेल्या थेंबांचा आकडा चिप दोन तुकड्यांत वाचायची: २५५ म्हणजे ‘०, २५५’, आणि २५६ म्हणजे ‘१, ०’. पहिला तुकडा वाचला, तेवढ्यात ठोका पडला, २५५ चे २५६ झाले. दुसरा तुकडा नव्या आकड्याचा. जुना ० आणि नवा ० जोडून आलं शून्य. काहीच सोडलं नाही असं समजून पंप भरपाई करत सुटला.

“वाचताना टायमर थोपवायचा, बाबा. दोन ओळी.”

“माहीत होतं गं. बाकी सगळीकडे घातल्यात. इथे राहिल्या. साहेबांना घाई...”

“साहेब कशाला? बोटं तुमची होती ना?”

साहेबांना कळवलं, तर म्हणाले, “गाडलेलं मढं कशाला उकरता? तुमचीच शोभा होईल.”

“होऊ दे,” म्हणालो आणि फोन ठेवला.

पत्र चारदा लिहिलं. दरवेळी कुठून तरी ‘कदाचित’ घुसायचं. सुनेने शेवटचं खोडलं. उरलं ते एवढंच: ‘तुम्ही चुकला नाहीत. मी चुकलो. पुरावा सोबत आहे. चौकशीवाल्यांना दाखवा, माझ्या नावासकट.’

पोस्टातल्या कारकुनाने विचारलं, “साधं की रजिस्टर?”

“रजिस्टर,” मी म्हणालो, आणि पावती घेतली.