दोन नळ्यांतली घाण

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या फोटोचा कागद छापून दारांवर, खांबांवर चिकटवतात. अस्पारुख बस चालवायचा. त्याच्या बायकोने त्याचा कागद आमच्या वॉर्डच्या दारालाही लावला. रुग्ण घाबरतात, काढून टाका, असं आमच्या विभागप्रमुख साहेबांनी फर्मावलं. मी काढला नाही. माझं डोकं आधीच फिरलेलं होतं.

मी डॉक्टर; रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण बघते. अस्पारुख आणि शेजारच्या खोलीतल्या मिलेवाबाई, दोघांनाही एकदमच ताप चढला, फुप्फुसात डाग दिसला. सुई घालून तुकडा काढावा, तर रक्त थांबलं नसतं. म्हणून दोघांचं रक्त एकाच डब्यातून राजधानीला, सोफियाला पाठवलं. तिथली प्रयोगशाळा रक्तात तरंगणारे जनुकांचे तुकडे वाचून बुरशीचं नाव सांगते. उत्तर आलं, दोघांतही काही नाही. मी बुरशीवरचं नेहमीचं औषध चालू ठेवलं. अस्पारुख गेला.

मिलेवाबाईंचा डाग वाढतच होता. जन्मभर शाळेत गाणं शिकवलेली बाई, आता अर्ध्या वाक्यात दम लागायचा.

"झोर्नित्सा, पोरी, तोंड पाडून येऊ नकोस. चीज भरलेली गरम बानित्सा आणणार होतीस ना?"

"बाहेरचं चालत नाही तुम्हाला."

"मग मेल्यावर आण. तेव्हा चालेल."

मी बाहेर आले आणि प्रयोगशाळेच्या वेल्चेवसाहेबांना फोन लावला.

"काहीच कसं नाही? यंत्रातून निघालं ते सगळं वाचून दाखवा."

"अहो, एक बुरशी दिसली होती," ते आरामात म्हणाले. "काढून टाकली. इतकी दुर्मीळ बुरशी एकाच दिवशी दोन नळ्यांत? आमच्याकडचीच घाण असणार. नियमच आहे तसा."

"नुसत्या पाण्याची कोरी नळी लावता ना दर वेळी? तिच्यात निघाली?"

"नाही. ती स्वच्छ होती."

"मग घाण आली कुठून?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे, वेल्चेव! आणि दोन्ही खोल्यांना लागूनच आमच्या साहेबांच्या नव्या केबिनसाठी तोडफोड चाललीय! एकच धूळ गेलीय दोघांच्या छातीत!"

"आम्हाला नुसते नंबर येतात. कोण कुठे झोपतं, आम्हाला काय ठाऊक?"

"मग विचारायचं! जीभ झडली होती का?"

बुरशीचं नाव कळलं. आमचं औषध तिच्यावर पाण्याइतकंच उपयोगी होतं. लगेच औषध बदललं, बाईंना दुसऱ्या इमारतीत हलवलं, गवंड्यांना घरी पाठवलं. साहेब ओरडले. मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडले.

मिलेवाबाई वाचल्या. एका सकाळी त्या खाटेवर बसून गुणगुणत होत्या आणि मी दारात उभी राहून रडले. पण राग काही उतरेना. त्यातच प्रयोगशाळेकडून अस्पारुखचा सुधारित अहवाल आला. खाली सूचना होती, रुग्णाला योग्य औषध तातडीने सुरू करावे.

तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, रीतीप्रमाणे, त्याच्या बायकोने नवे कागद छापले. एक मी मागून घेतला, सोफियाला गेले आणि प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवला. वेल्चेव बाहेर आले, फोटोकडे बघत राहिले.

"कोण हा? या नावाचं आमच्याकडे कुणीच नव्हतं."

मी त्याच्या नळीचा नंबर सांगितला. तेव्हा त्यांना ओळख पटली.