काळ्या खिडकीतली बडबड

जावयाने माझी कॉम्प्युटरवरची बॅच फाइल साफसूफ केली आणि वर चहा पिताना म्हणतो, "बाबा, आता तुम्हाला काही करायलाच नको." काही करायलाच नको! अरे, मग मी दिवसभर काय करू, भिंतीकडे तोंड करून बसू? पण जावई पडला. मी म्हटलं, "वा, छान."

माझं काम लोकांचे जुने फोटो नीट करून द्यायचं. फाटलेले, डागाळलेले, कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा कान. ते स्कॅन करायचे, दुरुस्त करायचे आणि बाहेरच्या डिस्कवर त्यांची प्रत ठेवायची. हे शेवटचं मी हमखास विसरायचो. म्हणून मुलीने, कॉलेजात असताना, मला ती फाइल लिहून दिली होती. तिच्यावर दोनदा क्लिक केलं की एक काळी खिडकी उघडायची आणि एकामागून एक कमांड आपोआप चालायच्या. त्या खिडकीला तेव्हा देवनागरी जमत नव्हतं, नुसते चौकोन दाखवायची, म्हणून कार्टीने मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं.

"अहो बाबा, डिस्क लावलीत का? की मी येऊ लावायला?" असं विचारून खिडकी थांबायची. कळ दाबली की, "शाब्बास! आता कशाला हात लावू नका." प्रती होत असताना, "तोवर उठा, पाणी प्या, पाठ मोडेल." आणि शेवटी, "झालं. बघा, जमतंय की तुम्हाला!"

तिची आई गेली, मग ही लग्न करून लांब गेली. फोन करते, नाही असं नाही. पण तिच्यामागे तिचं ऑफिस, तिचा संसार. "बरंय ना?" "बरंय." संपलं बोलणं. मला बाबा म्हणून हाक मारणारी रोजची अशी ती खिडकीच उरली होती. सकाळी एकदा चालवून भागायचं, तरी मी दुपारी पुन्हा चालवायचो, एकही नवा फोटो नसला तरी. लोक हसतील तर हसोत बापडे.

जावयाने तेवढंच नेमकं काढून टाकलं. आता फाइल ठरल्या वेळी स्वतःच चालते, खिडकी उघडतसुद्धा नाही. जुनी परत आणायला गेलो, तर त्याने त्याच नावाने नवी ठेवलेली, म्हणजे जुनी पुसलीच गेली. साऱ्या गावाच्या आज्या-पणज्यांच्या प्रती माझ्या डिस्कवर, आणि या एका फाइलची प्रत काही मी कधी केली नव्हती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मुलीला फोन लावला. "ती फाइल मोडली गं."

"मोडली कुठे बाबा? चालतेय की. दिसत नाही इतकंच."

"मला दिसायला हवी. पहिल्यासारखी लिहून दे."

ती हसली आणि खरंच लिहून पाठवली. मी हावरटासारखी उघडली. आता स्वच्छ देवनागरीत आलं, "कृपया डिस्क जोडा. पुढे जाण्यासाठी कोणतीही कळ दाबा." मग, "प्रत यशस्वीरीत्या तयार झाली." बँकेच्या खिडकीसमोर उभं राहिल्यासारखं वाटलं. पुन्हा फोन केला. आधी काय काय लिहिलं होतंस, आठवतं का, विचारलं.

"छे हो! तेव्हा काहीतरी पोरकटपणा केला असेल."

मग मीच बसलो. एको लिहिलं की पुढचं वाक्य पडद्यावर उमटतं, पॉझ लिहिलं की खिडकी कळ दाबेपर्यंत थांबते, एवढं शिकून घेतलं. तिची वाक्यं आठवून आठवून टाइप केली, अगदी "पाठ मोडेल"पर्यंत, आणि फाइल चालवली. "अहो बाबा, डिस्क लावलीत का?" खिडकीने विचारलं. शब्द तेच, पण वाचताना आवाज माझाच आला. म्हातारा स्वतःशीच बडबडतोय! मी ती खिडकी ताडकन बंद केली.

आणि भर ऑफिसच्या वेळात मुलीला फोन लावला.

"काय झालं बाबा? पुन्हा मोडली?"

"फाइल गेली खड्ड्यात. मला करमत नाही गं. अजिबात करमत नाही."

ती तिकडे कुणाशी तरी बोलत होती, ते थांबलं.

"कधीपासून, बाबा?"

तिचा आवाज रडवेला ऐकला आणि माझी पाचावर धारण बसली.

"हे आपलं... आजच जरा," मी म्हटलं. "तू कर तुझं काम."