दोन चमचे पाणी

मुलगी बघायला गेलो, तर मुलीनेच माझी परीक्षा घेतली.

साताऱ्याची नीलिमा वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, वडील हेडमास्तर. पोहे झाल्यावर तिने आतल्या खोलीतून झाकण असलेली एक काचेची बरणी आणली. आत खडे, माती आणि वीतभर उंचीचा बुटका बांबू.

"हा महिनाभर सांभाळा. ऊन नको, आठवड्याला दोन चमचे पाणी. मग बाबांबरोबर तुमची खोली बघायला येईन आणि काय ते सांगेन."

तिचे वडील छताकडे बघत बसले. मला राग आला. पण मुलगी इतकी आवडली होती, की ती बरणी मांडीवर घेऊन मुकाट्याने एसटीत बसलो.

हे चौऱ्याहत्तर सालचं. काळेवाडीत घरमालकीण सरूबाईंच्या खोलीत आम्ही तिघे राहायचो, तीन शिफ्टचे. मी पहिल्या, बीडचा ज्योतीराम दुसऱ्या आणि चिपळूणचा नंदकिशोर तिसऱ्या. तिथल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, तेव्हा भेट व्हायची. पण तो दिवस कपडे धुण्यात आणि घोरण्यात जायचा.

कंपनीत मी तपासणी खात्यात. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवायचो, त्यामुळे तिथे मला सगळे टरकून असत. बांबूलाही गुरुवारी मोजून दोन चमचे पाणी घालत होतो. तरी तिसऱ्या आठवड्यात काच आतून घामेजली आणि पानं पिवळी पडली. मी मातीला शिव्या दिल्या, सरूबाईंच्या चुलीच्या धुराला दिल्या, साताऱ्याच्या विद्येलाही दिल्या. पुढच्या गुरुवारी नीलिमा येणार होती. खरं सांगतो, रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"पाणी कमी पडतंय," ज्योतीराम म्हणाला. "मी रोज शिफ्टला जायच्या आधी पेल्यातलं घोटभर घालतोय, तरीबी."

"रोज?" मी ओरडलो.

"मग काय! दुष्काळात आमची बाग डोळ्यांदेखत वाळली, मधूभाऊ. तहानलेलं झाड मला बघवत न्हाई."

नंदकिशोर कॉटवर उठून बसला. "अरे, मी पण घालतो सकाळी आल्यावर. तांब्यातलं घोटभर. आमच्याकडे तेवढं पागोळीतून गळतं."

दारातून सरूबाई म्हणाल्या, "आन् मी काय त्याला उपाशी ठिवीन व्हय? तुळशीसंगं त्यालाबी घालती की!"

मी कपाळावर हात मारला. चार माणसं आणि एक बांबू! पहिल्यांदा कडाडून भांडलो, मग ज्योतीरामला हसू फुटलं आणि सगळेच हसत सुटलो. त्याने रबरी नळी बरणीत सोडून साचलेलं पाणी तोंडाने ओढलं आणि पहिला घोट चिखलाचा घेतला. नंदकिशोरने सायकलच्या स्पोकला ब्लेड बांधून पिवळ्या काड्या कापल्या. झाकण काढून ठेवलं. सात काड्यांतल्या दोन उरल्या, त्याही लंगड्या.

गुरुवारी नीलिमा आणि तिचे वडील आले. सरूबाईंनी खोली शेणाने सारवली होती, आम्ही तिघांनी दाढ्या केल्या होत्या. नीलिमा सरळ बरणीपाशी गेली.

"पाणी जास्त झालंय," ती म्हणाली.

एसटीत बरणी हिंदकळली म्हणून काड्या गेल्या, असं सांगायचं नंदकिशोरने मला पढवून ठेवलं होतं. पण तपासणी खात्यातल्या माणसाला खोटा शिक्का मारता येत नाही. मी सगळं सांगून टाकलं: पेला, तांब्या, तुळस. हेडमास्तरांनी खोकल्याच्या आडून हसू लपवलं. नीलिमाने हसू आवरलं आणि एकेकाकडे नीट बघून घेतलं. ज्योतीराम मान खाली घालून उभा होता.

"तहानेने मेला असता, तर आल्या पावली परत गेले असते," ती म्हणाली. "निष्काळजी माणसाला काय शिकवणार? लाड करणाऱ्याला निदान थांब म्हणता येतं."

ज्योतीरामने मान वर केली.

"म्हंजी," त्याने हळूच विचारलं, "तुमाला वहिनी म्हनायचं का?"

नीलिमाचे कान लाल झाले. तिने बरणीवर झाकण ठेवलं आणि ती खिडकीपासून दूर, सावलीत सरकवली.

"म्हणा," ती म्हणाली. "पण आता याला पाणी मीच घालणार."