नवरदेवाची जुनी मिनीबस

मी एक जुनी, पिवळी मिनीबस आहे. मित्रांनो, माझा जन्म जपानचा, पण माझं आयुष्य गेलं डॉमिनिका बेटावरच्या घाटांत. अठरा वर्षं मी विमानतळावरून माणसं घेऊन डोंगरापलीकडच्या कुलिबिस्ट्री गावाला नेली. माणसांबरोबर केळीचे घडही नेले आणि एकदा तर बँडबाजासुद्धा! "हिच्यात बसलं की पोहोचलोच," असं गावात म्हणत. मग गार हवेच्या नव्या गाड्या आल्या. माझा मालक अल्फियस यानं मला नीरफणसाच्या झाडाखाली उभं केलं. दोन वर्षं माझ्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या.

एका शनिवारी मात्र अल्फियस धावतच आला. त्या दिवशी दुपारी चार वाजता त्याचं यूफेमियाशी लग्न होतं. दोघांनीही साठी ओलांडलेली, दोघंही एकटी. यूफेमिया या गावात राहायला आली ती अलीकडेच, त्यामुळे तिची मुलगी जोसेट हिनं अल्फियसला कधी पाहिलं नव्हतं. ती चौदा वर्षांनी परदेशातून विमानानं येत होती आणि तिला आणायला ठरवलेली गाडी ऐन वेळी बंद पडली होती. "पोरगी आल्याशिवाय मी चर्चची पायरी चढणार नाही," असं यूफेमियानं बजावलं होतं. अल्फियसनं लग्नाच्या कपड्यांवर जुना सदरा चढवला, कोंबड्यांना हाकललं आणि किल्ली फिरवली. दोनदा खोकून मी सुरू झाले! काय सांगू, माझी प्रत्येक काच आनंदानं थरथरत होती.

विमान दोन तास उशिरा उतरलं. अल्फियसला भाड्याचा ड्रायव्हर समजून जोसेट धापा टाकत आत बसली.

"काका, जरा दामटा. चार वाजता आईचं लग्न आहे!"

"आईचं?" अल्फियसनं भोळेपणाचा आव आणत विचारलं.

"हो ना, या वयात! कुणी अल्फियस आहे म्हणे. ओळखता का? कसा आहे माणूस?"

माझं स्टिअरिंग त्याच्या घामानं ओलं झालं. "बरा आहे. घोरतो जरा."

"दारू?"

"नाताळात घोटभर."

"आईला फसवणार तर नाही ना? तिनं फार सोसलंय हो."

यावर अल्फियसनं नुसता गिअर बदलला.

चढावर माझं इंजिन तापलं. मी वाफा सोडत थांबले. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती! इंजिन निवल्यावर जोसेटनं बूट काढले आणि शेजारच्या ओढ्यातून डबा भरभरून पाणी आणलं. अल्फियस ते ओतत असताना डबा निसटला आणि तो नखशिखांत भिजला. त्यानं वरचा सदरा काढला, तर आत इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि छातीवर लाल फूल!

जोसेट बघतच राहिली. "तुम्हीच?"

"घोरतो ते खरं सांगितलंय," अल्फियस पुटपुटला. "बाकीचं सांगायला धीर झाला नाही. तू आल्या पावली परत गेली असतीस तर?"

"तासभर मला बनवलंत!" ती कडाडली. तिनं त्याच्याकडे, त्याच्या निथळणाऱ्या शर्टाकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्याचं वाकडं झालेलं फूल सरळ केलं. "बसा आता. नवरदेवच उशिरा पोहोचला तर आई दारातूनच हाकलेल."

मित्रांनो, तो उतार मी कसा उतरले! प्रत्येक वळणावर भोंगा, खाली निळा समुद्र, आणि खिडकीतून ओरडणारी जोसेट, "बाजूला व्हा, नवरदेव आणलाय!"

चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही चर्चपुढे उभे राहिलो. यूफेमिया फाटकातच होती. "दोघांनी मिळून माझा जीव घ्यायचं ठरवलंय का?" ती ओरडली आणि तिनं लेकीला घट्ट मिठी मारली. जोसेटनं एक हात आईच्या हातात गुंफला, दुसरा अल्फियसच्या, आणि तिघंही आत गेली.

मित्रांनो, दारात जुनं यंत्र उभं असेल तर भंगारात काढण्याआधी त्याचं तेलपाणी करा आणि अधूनमधून त्याला चालवा. आम्हाला विश्रांतीनंच जास्त गंज चढतो. आणि एक विनंती, आमची दारं हळू लावा. त्या दिवशी जोसेटनं आनंदाच्या भरात माझं दार असं आपटलं, की ते अजून दोरीनं बांधलेलं आहे!