आजोबांची गोळी आणि ठमीचा डोळा

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. माझी नळी आता कडक झाली आहे, पण कान अजून तिखट आहेत. कारखान्यातून निघालो तो थेट लहान मुलांच्या एका डॉक्टरबाईंच्या गळ्यात पडलो. थंडीत त्या मला आधी तळहातावर चोळून ऊब देत, मगच बाळाच्या छातीला लावत.

बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा आई आणि आजोबा ठमीला घेऊन त्यांच्याकडे आले. तान्ही, गुटगुटीत, पण पापणीवर रक्तवाहिन्यांची लालभडक गाठ. गाठ वाढत होती आणि डोळा मिटत चालला होता. असा झाकलेला डोळा बघायला शिकतच नाही.

बाई म्हणाल्या, "रक्तदाबाचं एक जुनं औषध आहे. त्याने अशा गाठी विरतात, असा बऱ्याच डॉक्टरांचा अनुभव आहे."

बाईंनी औषधाचं नाव सांगताच आजोबा ताडकन उठले. "अहो, ती तर माझी गोळी! म्हाताऱ्याचं औषध तान्ह्या पोरीला?"

"औषध तेच, पण हिला अगदी थोडं, पातळ करून. आणि खरं सांगते, या आजारासाठी त्याला अजून सरकारी मंजुरी नाही. ठोके मंदावू शकतात, रक्तातली साखर उतरू शकते. म्हणून पहिला डोस इथेच, माझ्यासमोर देऊ."

ठमीच्या आईने विचारलं, "तुमची मुलगी असती तर?"

"दिलं असतं. आणि तिच्या उशाशी बसून राहिले असते."

आईने ठमीला पोटभर पाजलं. मग बाईंनी औषध दिलं आणि खरंच तिथेच बसल्या. पुन्हा पुन्हा मला त्या इवल्या छातीवर ठेवत होत्या. ठोके मंदावू लागले. बाईंच्या कपाळावर आठी पडली. मी जीव कानांत आणून ऐकत होतो. ठोके जरा उतरले, मग ताल न सोडता तिथेच टिकले.

"काय म्हणते माझी गोळी?" आजोबांनी दबकत विचारलं.

"नातीला मानवली," बाई हसल्या.

पुढे गाठ फिकी पडली, बसत गेली. एके दिवशी बाईंनी ठमीचा चांगला डोळा हाताने झाकला आणि मला तिच्यासमोर झुलवलं. आजारी डोळा माझ्यामागे फिरला. मग तिने मला पकडून सरळ तोंडात घातलं! आई हसता हसता रडू लागली.

आता बाईंच्या गळ्यात नवा स्टेथोस्कोप आहे, मी खुंटीवर असतो. तक्रार नाही. एवढंच सांगतो, मित्रांनो: एकाची गोळी दुसऱ्याला आपल्या मनाने कधी देऊ नका. आणि डॉक्टरांना निर्धास्त प्रश्न विचारा. जे खरे डॉक्टर असतात, ते औषध देऊन उठून जात नाहीत. कान लावून बसतात.