दोन पाती सोडून

खुरपणीला बसलो की आम्हा बायांचे हात मिरचीच्या रानात आणि तोंडं एकमेकींच्या कानात. कोपराला कोपर घासल्याशिवाय तण निघतच नाही, अशी आमची समजूत होती. म्हणून आक्कानं त्या दिवशी बांधावरूनच हुकूम सोडला, तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरली.

"प्रत्येकीनं मिरचीची एक ओळ, एक पात धरायची, मधल्या दोन सोडायच्या. त्या परत येताना घ्यायच्या."

"का गं आक्का? आमचा वास येतो का?" रेडिओ म्हणाली. या बाईला सगळं गाव रेडिओच म्हणतं. बंद करायचं बटण तेवढं कुणाला सापडलेलं नाही.

"खालच्या आळीत घरोघर माणसं तापानं पडलीत. खोकल्यातून लागतो म्हणून नर्सबाई सांगून गेली. माझी लेक घरात दिवस भरून बसलीय. तिला लागलं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

आक्का टोळीची म्होरकी. बसलो लांब लांब. तण निघत होतं, पण गप्पांचे हाल झाले. दोन पातींपलीकडं कुजबूज पोचत नाही आणि ओरडलं तर नको तिथं पोचते. मालकिणीच्या चिकटपणाबद्दल मीच काहीतरी बोलून गेले, ते तिनं विहिरीवर ऐकलं. दुपारचा चहा बिनसाखरेचा आला.

रेडिओला मात्र राहवेना. पोटात बातमी घेऊन किती वेळ बसणार? खोकत खोकतच ती आक्काच्या जावेशेजारी सरकली आणि तिच्या कानाला लागली.

"मागं सरक," आक्का ओरडली.

"धुळीचा ठसका आहे गं. एवढंच सांगते नि जाते. तूही ये की, तुझ्या कामाचं आहे."

आक्काचं खुरपं थांबलं. ऐकायची हौस तिलाही कमी नाही. पण ती जागची हलली नाही, तणावरच राग काढत राहिली.

दुसऱ्या दिवशी रेडिओ कामावर आलीच नाही. तापानं फणफणली होती. ती उठून बसायला लागली तोवर इकडं आक्काची जाऊ पातीतच भोवळ येऊन कलंडली. आक्का खुरपं टाकून धावली, तिला कवेत धरून तिच्या घरापर्यंत घेऊन गेली. बाकीच्या आम्ही ठणठणीत. कानगोष्ट जिथवर गेली, तिथवरच ताप गेला. रेडिओनं कुणाला काय सांगितलं याची एवढी पक्की खबर गावाला आजवर मिळाली नव्हती.

आक्कानं त्या दिवसापासून घरात पाऊल टाकलं नाही. गोठ्यात खाट टाकली.

"नियम तूच केलास नि तूच मोडलास," मी अंगणातूनच म्हटलं.

"पडत्या माणसाला दोन पाती सोडून कसं धरतात, ते तू शिकव मला," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "लेकीला कळा येतील तेव्हा जवळ कोण असेल गं?"

कळा आल्या त्या भर सकाळी. नर्सबाईला हाताखाली बाई हवी होती. आम्हा सगळ्यांच्या घरात तोवर कुणी ना कुणी शिंकत होतं. नर्सबाईनं रेडिओला तपासलं आणि म्हणाली, "हिचा ताप येऊन गेलाय, आता हिची भीती नाही. हीच चालेल."

जिनं नियम मोडला ती आत, आणि जिच्यासाठी सगळं चाललं होतं तिची आई गोठ्याच्या दारात. आक्का गुरांना पुन्हा पुन्हा वैरण घालत होती. गुरांनीही खाणं सोडलं होतं.

शेवटी रडणं ऐकू आलं. रेडिओ खिडकीत आली, हातात फडक्यात गुंडाळलेलं बाळ. तिचे डोळे वाहत होते.

"मुलगी आहे आक्का. दोघी सुखरूप आहेत. तुझ्याआधी मी घेतली गं, मला माफ कर. ये, लांबून तरी नीट बघ."

आक्का अंगणाच्या मध्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. पदर तोंडावर दाबलेला.

"इथूनच बघते," ती म्हणाली. "जरा वर धर. पाय दिसत नाहीत."