पडद्यामागची पाठदुखी

त्या दिवशी सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण घड्याळ माझ्या बरोबर समोरच्या भिंतीवर आहे आणि मला दुसरं बघायला तरी काय असतं? मी पडदा बोलतोय. दवाखान्यात तपासणीच्या पलंगाशेजारी लोखंडी चौकटीवर ताणून लावलेला हिरवा पडदा असतो ना, तोच.

माझा जन्म शिंप्याच्या मशीनखाली झाला. एकाच ताग्यातून आम्ही नऊ पडदे निघालो. आठ जण मोठ्या वॉर्डात गेले आणि मी एकटा या बायकांच्या तपासणीच्या खोलीत आलो. एक पलंग, एक टेबल, एक वजनकाटा, संपली खोली. सुरुवातीला मला फार वाईट वाटलं.

दर शनिवारी मला काढून उकळत्या पाण्यात घालायचे. त्यात माझा रंग उडाला. एकदा तर आठवडाभर मी उलटाच लावलेला होतो, शिवण बाहेर काढून. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पडद्याकडे कोण बघतं? बायका माझ्यावर ओढणी टाकतात, लेकरं माझ्या खालून डोकावतात, आणि एखादी माझ्याच टोकाला गुपचूप डोळे पुसते.

या खोलीत राज्य मोठ्या सिस्टरांचं. बावीस वर्षांची नोकरी. हात इतका हलका की सुई टोचून झाली तरी लेकराला रडायचं सुचत नसे. तोंड मात्र फटकळ. "जेवण जातं का? झोप लागते का? शौचाला साफ होते का?" असं धडाधड विचारायच्या. कशाची म्हणून लाज नाही. पण कार्डावर सगळ्यात खाली एक रकाना होता, नवरा-बायकोच्या संबंधात काही त्रास आहे का, असा. तिथं आल्या की सिस्टर न विचारताच 'नाही' लिहायच्या आणि पेनाला टोपण लावायच्या. हजारो कार्डं मी अशी पाहिली. हजारो वेळा 'नाही'.

आता त्या पोरीचं सांगतो. पहिलटकरीण, चार महिन्यांच्या बाळाची आई. बाळ घेऊन सासूबाई बाहेर बाकावर बसायच्या आणि ही आत यायची. सिस्टर यायच्या आधी पलंगावर बसून, माझ्याकडे तोंड करून ही हळूच घोकायची, शाळेत कविता पाठ करावी तशी. "सिस्टर, बाळंतपणाचे टाके भरले म्हणालात. मग नवरा जवळ आला की सुरी फिरवल्यासारखं का होतं? माझं आत काही फाटलंय का? हे जन्मभर असंच राहील का?" एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, "त्यांनी आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. म्हणाले, तुला मी नकोसा झालोय." मग तिनं ओठ आवळले.

तेवढ्यात सिस्टर मला बाजूला सारायच्या. "हं, बोल, काय होतंय?"

"पाठ दुखते."

बस्स. चोळायचं मलम घेऊन पोर घरी. दोनदा असंच झालं. मला मेल्याला तोंड असतं तर मीच ओरडलो असतो. दवाखान्यात तिचं नावच पडलं, पाठदुखीवाली.

तिसऱ्या खेपेला सिस्टरांनी तिला पलंगावर झोपवलं. "पड जरा, आलेच." आणि दहा चाळीसला दारातून एक ताई आत आली, हातात छापील कागदांचा गठ्ठा घेऊन. दवाखान्यात काम करणारी माणसं नवरा-बायकोच्या नाजूक विषयावर रुग्णांशी बोलतात का, बोलताना त्यांना काय वाटतं, याची पाहणी चालली होती. एकेक वाक्य वाचायचं आणि पाच चौकटींपैकी एकीत खूण करायची. पूर्ण पटतं, थोडं पटतं, असं करत शेवटी अजिबात पटत नाही.

"बसा ताई, विचारा पटापट," सिस्टर म्हणाल्या. पलंगावर कुणी आहे हे त्या साफ विसरल्या होत्या.

"हा विषय काढताना मला अवघड वाटतं."

"छे! अवघड कसलं? बावीस वर्षं बाळंतपणं केलीत मी. अजिबात पटत नाही, लिहा."

"हे विचारणं माझ्या कामाचा भाग आहे."

"आहेच की. पूर्ण पटतं."

"मी बाळंतपणानंतर प्रत्येक बाईला हे विचारते."

सिस्टरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "विचारतो ना. कार्डावर रकानाच आहे तसा."

"असं विचारलेलं रुग्णाला आवडणार नाही."

"हे मात्र शंभर टक्के. बायकाच लाजतात हो! तोंडातून शब्द काढत नाहीत. आपण तरी काय करणार?"

माझ्या मागे पलंग करकरला. पोरीनं मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. आणि आवाज आला, बारीक, पण स्वच्छ.

"सिस्टर, मला नाही विचारलं तुम्ही. तिसऱ्यांदा आलेय मी. माझी पाठ नाही दुखत."

सिस्टरांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "अगं बाई, तू आत आहेस होय?" त्यांनी ताईला बाहेर बसायला सांगितलं, दार लावलं आणि आत आल्या. आल्या खऱ्या, पण आधी उगाच माझ्या चुण्या सारख्या करत राहिल्या. शेवटी स्टूल ओढून बसल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "नवऱ्याबरोबर असताना त्रास होतो का गं?"

पोर जी रडायला लागली! रडत रडतच तिनं घोकलेलं सगळं सांगून टाकलं, गादीसकट.

सिस्टरांनी तपासलं. "फाटलंबिटलं काही नाही. टाक्यांच्या जागी गाठीसारखं घट्ट झालंय. त्यात अंगावर पाजतेस, तेव्हा कोरडेपणाही येतो. पुष्कळ जणींना होतं. यावर औषध आहे. मोठ्या डॉक्टरीणबाई परवा आहेत, मी स्वतः घेऊन जाते तुला. तोवर दुखणं सोसायचं नाही. आणि नवऱ्याला घेऊन ये, त्याला मी सांगते."

"सासूबाईंना कळेल..."

"त्यांना सांगू, पाठ दाखवायला आलीय." पोर रडता रडता हसली. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. "मलाच विचारायला जमत नव्हतं बघ. कसं विचारायचं ते कुणी शिकवलंच नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही."

मग त्या बाहेर गेल्या. "ताई, तो कागद फाडा. नवा द्या."

"फाडता येत नाही सिस्टर, नंबर पडलाय."

"मग त्याच्यावरच काट मारा. अवघड वाटतं, पूर्ण पटतं. सगळ्यांना विचारते, अजिबात पटत नाही. आणि आवडणार नाही म्हणाले ना मी, तिथं लिहा, माहीत नाही, कधी विचारूनच पाहिलं नाही."

"अशी चौकट नाहीये यात."

"मग समासात लिहा."

ताईनं लिहिलं.

दोन महिन्यांनी पोर पुन्हा आली. गाल जरा भरले होते, चालण्यात भीती नव्हती. गादी आत आल्याचं तिनं सिस्टरांच्या कानात सांगितलं. पण या वेळी ती आत एकटी आली नव्हती. जावेला हाताला धरून आणलं होतं. "सिस्टर, हिलापण विचारा," म्हणाली, आणि स्वतः बाहेर जाऊन बसली.

आता मी पार विरलोय. मधोमध एक फाट आहे, तिला चिकटपट्टी लावलीय. पलंगाभोवती लाकडी भिंत आणि वेगळं दार बसवायचं ठरलंय. मग माझे तुकडे करून पुसायला घेतील. होऊ दे. पण जाण्याआधी एक काळजी पोखरते. अशा किती जणी नुसतं मलम घेऊन घरी गेल्या असतील? तुम्ही दवाखान्यात काम करत असाल, तर अवघडत का होईना, विचारा. आणि तुम्ही पलंगावर असाल आणि कुणी विचारलंच नाही, तर तुम्हीच म्हणा, मला विचारा. तुमच्या बहिणीला, जावेला, शेजारणीला एवढं सांगा. माझं बोलणं या खोलीपुरतंच पोचतं. पुढे तुम्ही न्या.